स्मार्टवॉचवरचे खासगी मेसेज चारचौघांना दिसतात? या चुका टाळा

नवीन घड्याळ हातात आलं की पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, हे मी नातेवाइकांपासून ऑफिसातल्या मंडळींपर्यंत अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. ॲप विचारतं, नोटिफिकेशन वाचायची परवानगी? दिली. सगळ्या ॲपची? हो, सगळ्यांची. पावलं मोजायला सुरुवात झाली, ठोके बघून झाले, आणि सेटिंग्ज पुन्हा कधीच उघडली नाहीत. पुढचे बहुतेक घोळ या घाईतून होतात.

फोनवर झाकलंय म्हणजे मनगटावरही झाकलंय, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि महागही हीच पडते. अँड्रॉइडवर २०१४च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून लॉक स्क्रीनवरचा मजकूर झाकता येतो. पण ती सोय फोनच्या लॉक स्क्रीनपुरती आहे. घड्याळाचं किंवा फिटनेस बँडचं ॲप लॉक स्क्रीन बघत बसत नाही. तुम्ही दिलेल्या परवानगीवर ते आख्खं नोटिफिकेशन उचलतं आणि मनगटावर पाठवतं. आयफोन आणि ॲपल वॉचचंही तसंच. फोन लॉक असला तरी घड्याळ मनगटावर असेपर्यंत अनलॉकच असतं.

माझ्या एका मावसबहिणीचे मूल व्हावं म्हणून उपचार चालू होते. घरात फक्त नवऱ्याला माहीत. फोनवर तिने सगळं नीट झाकलं होतं. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू होतं, फोन आतल्या खोलीत. डाव्या हातात करंडा धरून ती एकेकीला कुंकू लावत होती. अशा वेळी डावं मनगट कसं असतं ते करून बघा: डायल आपल्याकडे नाही, समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर. नेमका दवाखान्याचा मेसेज आला, बँड थरथरला, पडदा उजळला. उद्याच्या इंजेक्शनची वेळ, विभागाचं नाव, सगळं. वाचलं चुलतसासूने. तिला स्वतःला मेसेज काय आहे हे कळायच्या आत समोरून प्रश्न आला, "कसलं गं इंजेक्शन?" आणि ते वाण घ्यायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर.

काय सांगायचं, कुणाला आणि कधी, हे ठरवायचा हक्क तिचा होता. तो एका न बघितलेल्या सेटिंगमुळे गेला. याचा मला आजही राग येतो.

माझी पद्धत उलटी आहे. आधी सगळी ॲप बंद. मग फक्त कॉल आणि कॅलेंडरची आठवण चालू. आठवडाभर तसंच वापरायचं, आणि ज्याची खरंच अडचण झाली तेवढंच उघडायचं. बँक, दवाखाना, लॅब, ऑफिसचं मेल कधीच नाही. ॲपल वॉच असेल तर आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन 'नोटिफिकेशन प्रायव्हसी' चालू करा. मग मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. आयफोनवर व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही प्रीव्ह्यू बंद करता येतो. मला तो मार्ग जास्त आवडतो, कारण मजकूर उगमापाशीच अडतो.

सेटिंग झालं की खात्री करा. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, दुसऱ्या फोनवरून स्वतःला मेसेज पाठवा आणि त्यांना काय दिसलं ते विचारा. तरीही मजकूर दिसत असेल, तर एसएमएस आणि व्हॉट्सॲप वेगवेगळे तपासा. एक बंद आणि दुसरं चालू असं हमखास सापडतं.

ओटीपी मनगटावर घेणं

"किती सोयीचं आहे!" हे मी ऐकून घेत नाही. खिशातून फोन काढायला लागणारे चार सेकंद वाचवायला बँकेची किल्ली बाहेर टांगू नका. अँड्रॉइड १५मध्ये ओटीपीचा मजकूर परक्या ॲपपासून झाकायची सोय आली आहे, पण रीतसर जोडलेल्या घड्याळाच्या ॲपला त्यातून सूट मिळू शकते. त्या सोयीच्या भरवशावर राहू नका.

पासकोडचा कंटाळा

ॲपल वॉच हातातून काढलं की लॉक होतं, ते मनगट ओळखण्याच्या सोयीमुळे. ती बंद करणारे खूप भेटतात. तक्रार एकच: सारखा पासकोड मागतं. कारण बहुतेकदा साधं असतं, पट्टा सैल. दुसरं कारण गोंदण. मागचा सेन्सर त्वचेवर प्रकाश टाकून काम करतो आणि गडद शाई तो अडवू शकते. आपल्याकडे वयस्कर बायकांच्या हातावर गोंदण असतं, त्यांच्या बाबतीत हे आधी बघा. पट्टा एक भोक घट्ट करा किंवा घड्याळ दुसऱ्या हातात घाला. सोय बंद करू नका, नाहीतर हॉलमध्ये चार्जिंगला ठेवलेलं घड्याळ येणारा-जाणारा कुणीही चाळू शकतो.

लोकलमध्ये हात वर

हँडल धरलं की डायल शेजाऱ्याकडे जातो. गाडीत चढण्याआधी मी थिएटर मोड लावतो: थरथर कळते, पण डायलला हात लावेपर्यंत किंवा बटण दाबेपर्यंत पडदा काळाच राहतो. डायल मनगटाच्या आतल्या बाजूला घालायची जुनी पद्धतही इथे उत्तम चालते.

ऑलवेज-ऑन पडदा

हा पडदा हात खाली असतानाही विझत नाही, म्हणून मीटिंगमध्ये टेबलावर हात ठेवलात की पुढची अपॉइंटमेंट सगळ्यांना वाचता येते. ऑलवेज-ऑनच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढी माहिती लपवा.

चष्मेवाल्यांसाठी

स्मार्ट चष्म्यातला पडदा बाहेरून सहसा वाचता येत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्यांचे स्पीकर उघडे असतात. शांत खोलीत मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, तर शेजारी ऐकतोच. ते वाचन बंद ठेवा. ॲपल व्हिजन प्रो या डोळ्यांवर घालायच्या हेडसेटचा बाहेरचा पडदा घालणाऱ्याच्या डोळ्यांचं चित्र दाखवतो, आतलं काही नाही. मात्र तेच दृश्य टीव्हीवर मिरर केलंत की दिवाणखान्यातल्या सगळ्यांना दिसतं.

जुनं घड्याळ भाच्याला देताना

आधी फोनवरून अनपेअर करा, मगच द्या. नुसता पट्टा बदलून देणारेही पाहिलेत.