स्लाइड शो उलटा किंवा आडवा दिसतोय? या चुका टाळा

भिंतीवर स्लाइड उलटी दिसली की बहुतेक जण लगेच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरतात. सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. दोष प्रोजेक्टरमध्ये आणि खटपट लॅपटॉपवर, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबा. हा मेन्यू प्रोजेक्टर स्वतः दाखवतो, त्यात लॅपटॉपचा हात नसतो. मेन्यूही उलटा असेल, तर दोष बहुधा प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये. मेन्यू सरळ आणि स्लाइड तेवढी उलटी असेल, तर लॅपटॉपकडे वळा.

छताला टांगलेला प्रोजेक्टर मुळातच उलटा बसवलेला असतो, म्हणून त्यात 'फ्रंट सीलिंग' निवडलेलं असतं. तोच काढून टेबलावर ठेवला की चित्र डोक्यावर उभं राहतं. मेन्यूतल्या प्रोजेक्शनच्या पर्यायात जाऊन 'फ्रंट' करा. एपसनच्या बऱ्याच प्रोजेक्टरवर रिमोटचं ए/व्ही म्यूट बटण पाच सेकंद दाबून धरलं तरी चित्र पलटतं. पडदा थोडा वेळ काळा करायला हेच बटण वापरतात, त्यामुळे ते जास्त वेळ दाबलं गेलं की भर भाषणात गोंधळ उडतो. पुन्हा पाच सेकंद दाबा, चित्र सरळ होईल.

अक्षरं आरशातल्यासारखी दिसत असतील, तर विंडोजचं ओरिएंटेशन बदलत बसू नका. ते चित्र 90, 180 किंवा 270 अंशांत फिरवतं, डाव्याचं उजवं करत नाही. बहुधा प्रोजेक्टर 'रिअर'वर, म्हणजे पडद्यामागून चित्र टाकण्याच्या पर्यायावर राहिलेला असतो.

आता लॅपटॉप. जुन्या इंटेल ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की स्क्रीन फिरते. घाईत हे सहज होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबून पाहा. काही झालं नाही तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा आणि डिस्प्ले ओरिएंटेशन 'लँडस्केप' करा. इथे अनेक जण फसतात: स्क्रीन 'एक्स्टेंड' केलेली असेल, म्हणजे लॅपटॉप आणि भिंत वेगवेगळं दाखवत असतील, तर त्याच सेटिंगमधल्या वरच्या चित्रातला 2 नंबरचा, बहुधा प्रोजेक्टरचा, चौकोन आधी निवडावा लागतो. नाहीतर भिंतीवरचं चित्र तसंच राहतं आणि लॅपटॉपची चांगली स्क्रीन मात्र फिरते. असं झालं तर उलट्या माउसशी झगडू नका. बदल ठेवायचा का, या प्रश्नावर काही न करता थोडे सेकंद थांबा, जुनी सेटिंग आपोआप परत येते.

टॅबलेटसारखा दुमडणारा लॅपटॉप असेल, तर स्क्रीन सरळ असतानाच रोटेशन लॉक, म्हणजे स्क्रीन आपोआप फिरू न देणारी सेटिंग, चालू करा. हातात घेऊन बोलणाऱ्यांनी तर नक्कीच.

एखादाच फोटो आडवा पडला असेल, तर स्क्रीनला हात लावू नका. फोनचा फोटो कसा धरून काढला याची नोंद फाइलमध्ये असते, पण जुने प्रोग्राम ती वाचत नाहीत. फोटो निवडून पॉवरपॉइंटमध्येच 90 अंशांनी फिरवा.

सगळ्याच स्लाइड उभ्या आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतील, तर डिझाइनमधल्या स्लाइड साइजमध्ये 'वाइडस्क्रीन' निवडा. पॉवरपॉइंटने विचारलं तर 'एन्शुअर फिट' म्हणा, 'मॅक्सिमाइज'मध्ये कडेचा मजकूर स्लाइडबाहेर जाऊ शकतो.