आईच्या फोनवर इंग्रजी: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

आई-बाबा ग्रीन कार्डवर आले की पहिल्याच आठवड्यात मुलं त्यांच्या फोनवर भाषेचं एखादं ॲप टाकून देतात, "रोज दहा मिनिटं करत जा" म्हणतात आणि कामाला लागतात. महिनाभरात ते ॲप उघडणं बंद होतं आणि घरात ठरून जातं की या वयात आता काही जमायचं नाही. जमतं. साठीच्या पुढे शिकून एकट्याने बसने फिरणाऱ्या, डॉक्टरांशी स्वतः बोलणाऱ्या बायका इथे आहेत. चूक बहुतेक वेळा एवढीच असते की कुणाला काय येतं ते न बघता ॲप दिलं जातं आणि सोबत कुणी बसत नाही.

म्हणून आधी दोन गोष्टी तपासा. मराठी मजकूर सलग वाचता येतो का? इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओळखता येतात का? महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे चौथीत शाळा सुटलेल्या बाईने एबीसीडी कधी गिरवलेलीच नसते. दहावी झालेल्या बाईने गिरवलेली असते, पण बोलायची वेळ कधी आलेली नसते. या दोघींना एकच ॲप देऊन उपयोग नाही.

मराठीही वाचता येत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी मराठी वाचायला शिकवा. अक्षर म्हणजे आवाज ही गोष्ट आपल्या तोंडातल्या भाषेतच लवकर पटते, आणि देवनागरीत बहुतांशी जसं लिहिलं तसंच वाचायचं असतं. इंग्रजीपासून सुरुवात केली तर भाषाही अनोळखी आणि लिपीही अनोळखी. तोपर्यंत इंग्रजी फक्त कानाने आणि तोंडाने चालू ठेवा, आणि एक्झिट, स्टॉप, पुश, पुल, रेस्टरूम हे शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवा.

मराठी येतं पण इंग्रजी अक्षरं येत नाहीत, अशांसाठी डुओलिंगो एबीसी आणि खान अकॅडमी किड्स ही दोन ॲप्स चांगली आहेत. दोन्ही फुकट, जाहिराती नाहीत. दोन्ही लहान मुलांसाठी केलेली आहेत, हे आधीच सांगा, नाहीतर उड्या मारणारं अस्वल बघून माणसाला अपमान वाटतो. घरात चार-पाच वर्षांचं नातवंड असेल तर दोघांनी एकत्र बसावं, संकोच जातो. ॲपमध्ये भर लहान लिपीवर असतो, रस्त्यावरच्या आणि दुकानांच्या बऱ्याच पाट्या मात्र मोठ्या लिपीत असतात. तेव्हा वहीत दोन्ही रूपं शेजारी-शेजारी लिहून घ्या. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज वेगळा असतो हेही सांगावं लागतं: नाव 'सी', आवाज कधी 'क' तर कधी 'स', नाव 'एच', आवाज 'ह'. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहू नये असं बरेच जण सांगतात. पहिले सहा महिने खुशाल लिहू द्या. आधार हवा असतो, तो पुढे आपोआप सुटतो.

अक्षरं येत असतील तर डुओलिंगोचा हिंदीतून इंग्रजी अभ्यासक्रम घ्या. टीव्हीमुळे आपल्या आयांना एवढं हिंदी येतं. इथे नेहमी होणारी गडबड अशी: फोनची भाषा इंग्रजी असते, ॲप समजतं की या व्यक्तीला इंग्रजी येतं आणि स्पॅनिश शिकवायला लागतं. आई निमूटपणे चार दिवस स्पॅनिश गिरवते. अभ्यासक्रम निवडताना 'मला येणारी भाषा हिंदी, शिकायची भाषा इंग्रजी' हे तुम्ही स्वतः निवडून द्या आणि पहिला धडा संपेपर्यंत शेजारी बसा. मायक्रोफोनची परवानगी द्यायला विसरू नका. फुकटच्या आवृत्तीत कधीकधी मध्येच धडा थांबतो आणि पैसे भरायचा पडदा येतो. तिथे फोन खाली ठेवायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करता येतं. ज्यांना साधी वाक्यं वाचता येतात त्यांच्यासाठी यूएसए लर्न्स ही सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण कार्यालयाची फुकट साइट जास्त कामाची आहे, कारण त्यात अमेरिकेतलेच प्रसंग आहेत: घर भाड्याने घेणं, डॉक्टर, नोकरी. ती फोनच्या ब्राउझरमध्येही चालते.

आता पैशाची गोष्ट, आणि ही मी प्रत्येक नव्या घराला सांगते. 'फ्री ट्रायल' म्हणजे फुकट नव्हे. मुदत संपली की बहुधा वर्षभराचे पैसे एकदम कापले जातात, तेही तुमच्या कार्डावरून, कारण आईच्या फोनवर कार्ड तुमचं असतं. मोठं हिरवं बटण दिसलं की दाबायचं, एवढंच तिला माहीत असतं, आणि छोट्या अक्षरातली अट तिला वाचता येत नाही. तीच तर ती शिकते आहे. ॲप फोनवरून काढून टाकलं की वर्गणी बंद होते असं अनेकांना वाटतं. होत नाही. पैसे दर वर्षी जातच राहतात.

ॲप टाकण्याआधी हे करा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये 'इन-ॲप पर्चेसेस' बंद करा. त्याहून उत्तम म्हणजे त्या फोनवर कार्डच ठेवू नका. ट्रायल चुकून सुरू झालीच, तर अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वरच्या फोटोवर दाबा, मग 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', मग 'सबस्क्रिप्शन्स', आणि तिथून रद्द करा. आयफोनवर सेटिंग्ज, सगळ्यात वर स्वतःचं नाव, मग 'सबस्क्रिप्शन्स'. ट्रायल संपायच्या किमान एक दिवस आधी रद्द करा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच परतावा मागा. गूगलकडे ४८ तासांच्या आत मागितलेला बरा. आणि आईवर रागावू नका. एकदा बोलणी बसली की ती पुन्हा त्या फोनला हात लावत नाही.

भारतातून आणलेल्या फोनवर कधीकधी अमेरिकेतलं ॲप सापडतच नाही. प्ले स्टोअरचा देश भारत असतो आणि तो वर्षातून एकदाच बदलता येतो. आईचं इथे नवीन गूगल खातं काढलं की प्रश्न मिटतो. खात्याला जोडलेला नंबर इथला द्या, नाहीतर ओटीपी पुण्यातल्या बंद सिमवर जाईल. घरातला जुना फोन सिमशिवाय, वायफायवर अभ्यासाला चालतो. अक्षरांचा आकार मोठा करून द्या.

या सगळ्यांपेक्षा उपयोगी ॲप तिच्या फोनवर आधीच आहे: व्हॉट्सॲप. त्यात स्वतःलाच संदेश पाठवायची सोय आहे. तिथे घरातल्याच वस्तूंचे फोटो टाका: दुधाचा कॅन, औषधाची बाटली, बसस्टॉपची पाटी, दारावर अडकवलेली चिठ्ठी. प्रत्येक फोटोखाली तुमच्या आवाजात इंग्रजी शब्द दोनदा, मग एक छोटं वाक्य, मग मराठी अर्थ. दिवसाला पाच पुरे. दुसऱ्या दिवशी नवे पाच द्यायच्या आधी जुने पाच ऐकायचे. संध्याकाळी तिने एक वाक्य बोलून तुम्हाला पाठवायचं आणि तुम्ही तेच नीट बोलून परत पाठवायचं. चूक सांगत बसू नका, बरोबर वाक्य ऐकवा. नातवंडांनाही हे शिकवा. आजीच्या उच्चारांना हसणारी मुलं मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात दिसतात आणि आई-बापही त्यात सामील होतात, हे मला अजिबात पटत नाही.

वाक्यं निवडताना पुस्तकाच्या मागे जाऊ नका. सगळ्यात आधी घराचा पत्ता. तो इथे घर क्रमांकापासून सुरू होतो आणि ९११ या आणीबाणीच्या नंबरवर तोच आधी सांगायचा असतो, आग, अँब्युलन्स वगैरे नंतर. मग स्वतःचं नाव स्पेलिंगसह, जन्मतारीख महिना आधी धरून, आणि तुमचा फोन नंबर. 'डबल टू' इथे कुणाला कळत नाही, 'टू टू' म्हणायचं. शून्याला 'ओ' म्हणतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यात मराठी कान हमखास फसतो. पहिल्यात जोर शेवटी आणि 'न' स्पष्ट, दुसऱ्यात जोर सुरुवातीला. डॉक्टरची वेळ आणि दुकानातले पैसे, दोन्ही यावर अवलंबून असतात, त्यामुळे याचा आठवडाभर सराव करा. आपण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना 'व' म्हणतो. ॲप त्यावरून कधी शब्द नाकारतं, कधी चुकीचाही बरोबर धरतं. त्या लाल-हिरव्या खुणेला फार महत्त्व देऊ नका. आपले 'ट' आणि 'ड' इथल्या लोकांना व्यवस्थित कळतात.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी उतरवून ठेवा म्हणजे नेट नसतानाही चालेल. कॅमेऱ्याने पाटी किंवा शाळेचं पत्र वाचायला ते छान आहे. पण दवाखान्यात, औषधाच्या मात्रेसाठी किंवा सही करायच्या कागदासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने फुकट दुभाषा द्यावा असा इथला कायदा आहे आणि जवळजवळ सगळी मोठी रुग्णालयं त्यात येतात. मराठी दुभाषा बहुधा फोनवर मिळतो. आईला हे वाक्य पाठ करून द्या: "मराठी इंटरप्रिटर, प्लीज." हिंदी दुभाषा देऊ केला आणि तिला तो नको असेल तर 'नो, मराठी' म्हणायचा तिला हक्क आहे. बारा वर्षांच्या नातवाला दुभाषा करू नका.

ॲपवर तीन महिने झाले की माणसं हवीत. या देशात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे सार्वजनिक वाचनालय. बऱ्याच वाचनालयांत इंग्रजी संभाषणाचे फुकट गट असतात, काही ठिकाणी एकास एक शिकवणारे स्वयंसेवकही मिळतात. वाचनालयाच्या कार्डासाठी बहुतेक ठिकाणी आईच्या नावावर आलेलं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, म्हणून तिच्या नावाने बँकेचं खातं लवकर काढा. त्याच कार्डावर लिबी ॲपमधून बोलती पुस्तकं फुकट मिळतात. मुलांच्या विभागातली घ्या. ॲडल्ट स्कूलच्या, म्हणजे प्रौढांच्या शाळेच्या, वर्गात आधी पातळी ठरवायची चाचणी होते आणि जागा लवकर भरतात, म्हणून सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधी विचारा. तिथे लर्निंग अपग्रेडबद्दलही विचारा. प्रौढ साक्षरतेच्या ७० लाख डॉलरच्या एक्सप्राइझ स्पर्धेत २०१९ साली विजेत्यांपैकी एक ठरलेलं हे ॲप काही संस्था आपल्या विद्यार्थ्यांना कोड देऊन फुकट देतात. एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याच्या व्हिसावर, आलेल्या शिकलेल्या बायकांनी ॲपमध्ये वेळ घालवूच नये, थेट संभाषण गटात जावं. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-बाबांनाही वाचनालयातल्या गप्पांच्या गटाची अडचण नाही, पूर्ण अभ्यासक्रमाला मात्र नाव घालू नये.

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडच्या, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्याच्या, आसपास राहणाऱ्यांना एक सांगायचं आहे. तिथे वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं गुजराती-हिंदीत भागतं आणि दहा वर्षांनीही इंग्रजी येत नाही. आठवड्यातून एकदा तरी आईला अमेरिकन दुकानात न्या, पैसे तिलाच देऊ द्या आणि तुम्ही चार पावलं मागे उभे राहा. काउंटरवरचे लोक मोडक्या इंग्रजीला बहुतेक वेळा धीराने घेतात. फोनवरचे घेत नाहीत, म्हणून फोनवर बोलणं सगळ्यात शेवटी शिकवा.

नागरिकत्वाचा विचार असेल तर वयाचं गणित आधी करा. अर्ज करताना वय ५५ आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं, किंवा वय ५० आणि २० वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी आलेल्या आईला या सवलतीसाठी त्र्याहत्तरीपर्यंत थांबावं लागेल. इंग्रजी शिकली तर एरवीच्या पाच वर्षांतच अर्ज करता येतो. वाचनात तीनपैकी एक वाक्य, लेखनात तीनपैकी एक वाक्य बरोबर आलं की झालं, आणि त्यासाठीचे शब्द यूएससीआयएस या नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर यादीत दिलेले आहेत. तेच शब्द वरच्या व्हॉट्सॲपच्या पद्धतीने, रोज पाच, घ्या. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नागरिकशास्त्राच्या १२८ प्रश्नांची नवी यादी लागू आहे: तोंडी २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. जुन्या १०० प्रश्नांची ॲप्स अजून दिसतात, त्यामुळे उतरवण्याआधी आकडा बघा. मुलाखतीत अर्जातलेच प्रश्न इंग्रजीत विचारले जातात आणि बहुतेक जण अडखळतात ते तिथेच. भरलेल्या अर्जाची प्रत ठेवा आणि त्यातला एकेक प्रश्न आवाजात रेकॉर्ड करून आईला पाठवायला वर्षभर आधी सुरुवात करा.