बेट्टासाठी फिल्टर घेताय? आधी पाण्याचा जोर बघा

"बेट्टाला फिल्टर कशाला, तो तर वाटीत पण जगतो" हे बेट्टा म्हणजे फायटर माशाबद्दल तुम्ही पण ऐकलं असेलच. बेट्टाच्या कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि मासा वर येऊन तोंडाने हवा घेतो, एवढं खरं. पण श्वासाचा प्रश्न सुटला म्हणून घाणीचा सुटत नाही ना. त्याची शी, उरलेलं खाणं, कुजलेली पानं, सगळ्यातून अमोनिया होतो आणि पाणी काचेसारखं दिसत असलं तरी या अमोनियाने मासा मरू शकतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, नायट्रेट त्यामानाने सौम्य, ते आपण पाणी बदलून काढतो. म्हणजे फिल्टर हा कचरा ओढायचं मशीन कमी आणि बॅक्टेरियांचं घर जास्त.

आता अडचण अशी की बाजारात मिळणारे बरेच फिल्टर बेट्टाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेले नसतात. हा मासा मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, दलदलीतला, संथ उथळ पाण्यातला. त्यात आपण आणतो हाफमून नाहीतर व्हेलटेल असा लांब शेपटीचा प्रकार, ज्याची शेपटीच अंगापेक्षा भारी, तो बिचारा जोराच्या धारेत दिवसभर पोहून पोहून दमतो. माझ्या पहिल्या हाफमूनची शेपटी पॉवर फिल्टरच्या (मोटारीने पाणी ओढणाऱ्या फिल्टरच्या) जाळीला चिकटली होती, सोडवली तोवर चिंध्या झाल्या होत्या, आणि मी आधी दोन दिवस फिन रॉट (पंख कुजायचा रोग) समजून औषधं शोधत बसलेलो.

म्हणून माझं मत सरळ आहे, साधा स्पंज फिल्टर घ्या. एअर पंपची हवा नळीतून स्पंजमध्ये जाते, बुडबुडे वर चढताना पाणी स्पंजमधून हळू ओढलं जातं, शेपटी अडकेल असं काही नाहीच. दिसायला भारी नाही, टँकच्या कोपऱ्यात काळा गोळा दिसतो, पण चालतो. सोबत दोन छोट्या वस्तू नक्की घ्या. एक म्हणजे हवा कमीजास्त करायचा कंट्रोल व्हॉल्व्ह, कारण पंप फुल सोडला तर स्पंज फिल्टर पण पाणी उकळल्यासारखं करतो. दुसरा चेक व्हॉल्व्ह, लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येऊ शकतं ते हा अडवतो. तो उलटा बसवला तर हवाच जात नाही, म्हणून लावायच्या आधी तोंडाने फुंकून बघा, ज्या बाजूने फुंकर आरपार जाते ती पंपाकडची बाजू.

मागे लटकवायचा म्हणजे हँग ऑन बॅक फिल्टर घरात असेलच तर फेकू नका. ओढणाऱ्या पाइपवर प्री-फिल्टर स्पंज चढवा, धार पडते तिथे स्पंजचा तुकडा अडकवा. पाण्याची लेव्हल थोडी वर ठेवली की धार उंचावरून आपटत नाही, फक्त झाकणाखाली हवेची जागा सोडा, त्याला श्वास तिथूनच घ्यायचाय. आतला पॉवर फिल्टर असेल तर त्याचं तोंड काचेकडे वळवा.

बॉक्सवर लिटर पर तास लिहिलेलं असतं, तासाला टँकच्या चार-पाच पट हा ढोबळ हिशोब, म्हणजे 20 लिटरला 80 ते 100. बेट्टासाठी त्याच्या खालच्या बाजूलाच राहा आणि फ्लो कमी करता येत असेल तरच घ्या.

लावल्यावर खरं उत्तर मासाच देतो. तो एकाच कोपऱ्यात दडून राहतो का, पंख आवळून बसतो का, खायला वर येताना वाहून जातो का? तसं असेल तर धार कमी करा. पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं टिकलं तर वरचं पाणी शांत आहे एवढं नक्की, पण घरटं नाही म्हणजे मासा दुःखी असं काही नसतं, काही नर बनवतच नाहीत.

आणि नवा फिल्टर लावला की लगेच मासा सोडू नका, बॅक्टेरिया बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. मासा आधीच आणून ठेवला असेल (बहुतेकांचं असंच होतं) तर तोवर रोज टेस्ट करून थोडं थोडं पाणी बदलत राहा. स्पंज तुंबला की बदललेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळून परत लावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि तुमचा चार आठवड्यांचा खेळ पुन्हा पहिल्यापासून.