नाजूक पोट आणि दोनशेची बीआरएम: खाण्याची तयारी

नाशिकहून चांदवड, मालेगाव करून परत यायचं म्हटलं की सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेरचा पल्ला होतो. दोनशेच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, वेळ मिळते 13 तास 30 मिनिटं. पोट हळवं असेल तर एवढ्या वेळात पायांच्या आधी तेच दगा देतं. जोर लावताना रक्त स्नायूंकडे वळतं, आतड्यांच्या वाट्याला कमी येतं आणि घरी सहज पचणारा घास रस्त्यावर तसाच पडून राहतो. त्यामुळे पोटाचा सराव किमान सहा आठवडे आधी सुरू करावा.

रविवारच्या लांब राइडला तासाला 30 ग्रॅम कार्ब्सपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच-पाच ग्रॅमने वाढवत 45 ते 50 पर्यंत न्या. सवयीने आतडं जास्त साखर शोषायला लागतं. तासाला 90 ग्रॅम घेणारे लोक असतात, त्यांच्याशी बरोबरी नको. बीआरएमच्या वेगाला 50 पुरतात.

बाटलीचं मिश्रण घरीच काट्यावर तोलून पुड्या बांधा. 750 मिलिलिटर पाण्याला 30 ग्रॅम ग्लुकोज पावडर, 10 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि थोडं लिंबू. घट्ट केलं की बिघडतं: दाट साखरपाणी पोटातून लवकर पुढे सरकत नाही, मळमळतं, आणि आतड्यात पोचल्यावर उलट शरीरातलंच पाणी आत ओढून घेतं. जुलाब लागतात ते त्यामुळे. ओआरएसची एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये ढवळणं हीसुद्धा तीच चूक. शिवाय त्या पुडीत ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं, म्हणजे ओआरएस मीठ-पाण्याची भरपाई करतं, जेवणाची नाही.

खाण्यात सगळ्यात भरवशाचा भात. 100 ग्रॅम तांदूळ मऊ शिजवा, 30 ग्रॅम गूळ आणि चिमूटभर मीठ घालून ताटलीत थापा, सहा वड्या पाडा. एका वडीत 17-18 ग्रॅम कार्ब्स येतात. थापल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि निघताना फॉइलमध्ये गुंडाळा. भात उबदार राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून या वड्या पहिल्या तीन-चार तासांतच संपवायच्या. पुढच्या टप्प्याला मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू, केळं. केळं फार पिकलेलं नको, काळे ठिपके पडलेल्या केळ्याने गॅस धरतो. खजूर आणि मनुके सोयीचे वाटतात, पण हळव्या पोटाला त्यातली साखर आणि चोथा दोन्ही जड. हंगाम द्राक्षांचा असतो आणि वाटेत कोणीतरी हातावर घड ठेवतोच. चार मणी खावेत, घड नाही.

आदल्या दोन दिवसांत कांदा-लसूण, मोड आलेली कडधान्यं, कोबी, कच्ची कोशिंबीर आणि दूध बंद. कांदा-लसणातली फ्रुक्टन नावाची साखर आपल्याला पचवता येत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारतात आणि पोट फुगतं. नाशिकमध्ये शनिवारी मिसळ टाळणं अवघड आहे हे मान्य, पण मटकी, तर्री आणि वर कच्चा कांदा हे तिन्ही या यादीत बसतात. लसणाची चव हवीच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत: मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, चमचाभर तूप, बस.

सहाला सुरुवात असेल तर साडेतीनला खायचं. 80 ग्रॅम पोहे, शेंगदाणे आणि कांदा न घालता, आणि कोरा चहा. साबुदाण्याची खिचडी नको, तिच्यातलं कूट आणि तूप पोट रिकामं व्हायला वेळ लावतात.

रस्त्यावर दर वीस मिनिटांनी दोन घोट आणि लहान घास, घड्याळाचा गजर लावून. थंडीत पहाटे तहान लागत नाही, बाटली भरलेलीच राहते आणि दुपारी चांदवडच्या उन्हात सगळं एकदम ढोसलं जातं. राहूडचा घाट चढताना काही चावू नका. पायथ्याच्या पंधरा मिनिटं आधी खा, चढावर फक्त घोट.

पोटात पाणी डचमळायला लागलं तर वेग कमी करा, वीस मिनिटं गोड बंद, साध्या पाण्याचे छोटे घोट. खालच्या पोटात कळ आणि गॅस असेल तर दोष बहुधा आदल्या दिवसाच्या जेवणात आहे, पुढच्या वेळी तिथे शोधा. डोकं दुखतंय, बोटं सुजली आहेत आणि पोट पाण्याने टम्म आहे, तर आणखी पाणी पिऊ नका; शरीरातलं मीठ पातळ झालेलं असू शकतं. अशा वेळी थांबा आणि मदत मागा, गोंधळल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेनची वेदनाशामक गोळी राइडमध्ये घेऊ नये, आतड्याच्या अस्तराला त्याने आणखी इजा होते.

शौचात रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा राइड नसतानाही चालू राहणारे जुलाब असतील तर आधी डॉक्टर. गहू सोडून बघायचा विचार असेल तर सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी त्याआधी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती तपासणी फसवी येऊ शकते.