थारला पुढे अख्खा अॅक्सल: आधी ओळंबा, मग वेल्डिंग

२०१० साली आलेल्या महिंद्राच्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आहेत, तिच्याच डीआय इंजिनवाल्या बहिणीला मात्र पुढेही पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अॅक्सल. गोव्यात सत्तरीतल्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) वाटेवर एक चाक दगडावर चढले की फरक कळतो. अख्ख्या अॅक्सलचे एक टोक वर गेले की दुसरे आपसूक खाली दाबले जाते.

सीआरडीईलाही पुढे तसाच अॅक्सल बसवता येतो, पण कायदा आधी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. म्हणजे ही गाडी स्वतःच्या जमिनीत फिरवायची. चोर्ला घाट चढायचा बेत असेल तर इथेच थांबा.

काम चवथ होऊन पाऊस ओसरला की काढा. आपल्या खारट दमट हवेत घासून उघडी केलेली चासी बघता बघता तांबडी होते, आणि गंजावर वेल्ड धरत नाही.

अॅक्सल डीआयचा किंवा जुन्या एमएम ५४० जीपचा बघा. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) पुढचा शाफ्ट ज्या बाजूला निघतो, त्याच बाजूला अॅक्सलवरचे डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा गोळा) हवे. त्याचा गिअर रेशोही मागच्याइतकाच हवा. तो असा मोजा: एक चाक धरून ठेवा, दुसरे बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. पुढे-मागे आकडा वेगळा आला तर तो अॅक्सल फुकट मिळाला तरी नको.

आता खरे काम, म्हणजे मापे. गाडी सपाट कोब्यावर उभी करा. चासीवरून ओळंबा सोडून चाकांचे मध्य आणि मागच्या अॅक्सलची जागा खडूने जमिनीवर उतरवा, कर्ण मोजा. यात दोन रविवार गेले तरी जाऊ देत.

मग गाडी चासीखाली भक्कम घोड्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. बॅटरी सोडा. टॉर्शन बारचा ताण बोल्ट सैल करून पूर्ण उतरवल्याशिवाय ग्राइंडर लावू नका; ताणलेला बार सुटला तर हाड मोडेल.

पाट्यांचे हँगर आणि अॅक्सलवरच्या बैठका फक्त टॅक करा, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरते वेल्ड. चाके लावा, गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्या, मग कॅस्टर बघा: किंगपिनचे (चाक ज्याभोवती वळते त्या खिळीचे) वरचे टोक मागे कललेले, साधारण ५ ते ६ अंश. मी पहिल्या वेळी उत्साहात बैठका पक्क्या करून टाकल्या. वळण संपले तरी स्टीअरिंग सरळ यायला तयार नाही! सगळे कापून पुन्हा. कॅस्टर वाढवताना डिफरन्शियलचे नाक खाली जाते आणि शाफ्टचा जॉइंट जास्त वाकतो, तेव्हा दोन्हींचा मेळ घालावाच लागतो.

स्टीअरिंगची ड्रॅग लिंक (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) उभ्या गाडीत जमेल तितकी आडवी राहू द्या. ती तिरकी राहिली तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपले आपण वळेल. ब्रेकचे होज अॅक्सल पूर्ण लोंबकळला तरी ताणले जाणार नाहीत एवढे लांब घ्या, आणि अॅक्सल पूर्ण वर दाबल्यावर तो इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला टेकत नाही ना, तेही पाहा.

शेवटचे वेल्डिंग खाणपट्ट्यात ट्रकच्या चासींवर हात बसलेल्या वेल्डरकडून करून घ्या. घरच्या छोट्या मशीनवर माझा तरी विश्वास नाही. यू-बोल्ट नवेच घ्या, आणि पहिल्या दिवसाची फेरी झाली की पुन्हा आवळा.