काढा किंवा रस घेण्यापूर्वी काय पाहावे

दुधीचा रस काढण्यापूर्वी प्रत्येक फळाची देठाकडची व टोकाकडची एकेक पातळ चकती कापून जिभेला लावून पाहावी आणि ती जराशीही कडू लागली, तर तो दुधी टाकून द्यावा. हा कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांमुळे येतो. तो शिजवूनही जात नाही. असा रस प्यायल्यास थोड्याच वेळात उलट्या व जुलाब सुरू होतात, रक्ताची उलटी होते, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जीवही जातो. या विषावर उतारा नाही. त्यातच कारल्याचा किंवा आवळ्याचा रस मिसळला, तर कडू दुधी जिभेला ओळखताच येत नाही. म्हणून दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये. ‘कडू आहे म्हणजे गुणकारी असणार’ ही आपल्याकडची समजूत येथे घातक ठरते.

गुळवेलीचा धोका असा लगेच कळत नाही. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने दिसायला सारख्या असलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. वाद कसाही सुटो, घरात काढा उकळणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कुंपणावरची वेल जाणकाराकडून ओळखून घेतल्याशिवाय तोडू नये. आणि यकृताचा किंवा स्वयंप्रतिकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय, तसेच इतरांनीही केवळ प्रतिकारशक्तीच्या नावाखाली महिनोन्महिने, गुळवेल घेऊ नये.

ज्येष्ठमध रोज बऱ्याच प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते, त्यामुळे रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांनी ते टाळावे. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस चालू केल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. पुष्कळ रुग्ण ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला उत्तर देताना काढा मोजतच नाहीत. तो आवर्जून सांगावा, शस्त्रक्रिया ठरली असेल तर नक्कीच. एक वर्षाखालील बाळाला कोणतीही मात्रा मधातून चाटवू नये, कारण मधातील जिवाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली, तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी. जाताना उरलेले चूर्ण, वेलीचा तुकडा किंवा बाटली फेकून न देता डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावी.