भरलेला बार्ज व्हँकुव्हर बंदरात आणताना

खडी भरलेल्या बार्जला (माल वाहणाऱ्या, स्वतःचं इंजिन नसलेल्या सपाट बोटीला) ब्रेक नसतो. पाच हजार टनांचं धूड एकदा चालायला लागलं की ते आवरायचं काम टगचं, म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटीचं, आणि टग असतो पुढे, वायरच्या टोकाला. वायरने ओढता येतं, रोखता येत नाही. त्यामुळे कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदराबाहेरचा इंग्लिश बे हा उपसागर सोडून बर्रार्ड इनलेट या खाडीच्या आतल्या भागात शिरण्याआधीच वेग कुठे उतरवायचा, वायर कुठे आखूड करायची आणि बार्ज कुशीला (टगच्या बाजूला बांधून) कुठे घ्यायचा हे ठरलेलं हवं. पुढची माहिती विंच (वायर गुंडाळणारा ड्रम) आणि वायर असलेल्या साध्या टगची आहे. मोठ्या जहाजांना धरणाऱ्या झेड-ड्राइव्ह (सगळ्या दिशांना फिरणाऱ्या पंख्याच्या) टगचं तंत्र वेगळं.

निघण्याआधी

बार्जच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतून निघालेल्या साखळ्या फिशप्लेटवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या जाड लोखंडी पट्टीवर, एकत्र येतात. साखळ्यांच्या या जोडीला ब्रायडल म्हणतात; तिचा प्रत्येक पाय निदान बार्जच्या रुंदीइतका लांब हवा. पाय आखूड असले की टोकाचा कोन उघडतो आणि टगची ओढ तेवढीच असूनही साखळीवरचा ताण वाढतो. फिशप्लेटची प्रत्येक शॅकल (जोडणारी लोखंडी कडी) जवळ जाऊन, हात लावून पाहा: पिन पूर्ण आत आहे का, नट घट्ट आहे का, स्प्लिट पिनचे दोन्ही पाय नीट दुमडलेत का. दुमडायची राहिलेली स्प्लिट पिन हादऱ्यांनी निसटते, मग नट फिरायला लागतो. टगच्या डेकवरून यातलं काहीच दिसत नाही.

बार्जच्या चारही कोपऱ्यांवरचे ड्राफ्टचे (बार्ज किती बुडालाय त्याचे) आकडे वाचा. पुढून जड असलेला बार्ज सरळ येत नाही, डावी-उजवीकडे भरकटत राहतो. मागून थोडा जास्त बुडालेला चांगला. सगळी मॅनहोलची झाकणं आवळा. तरंगणारा आपत्कालीन दोर बार्जच्या मागे सोडलेला असू द्या, टोकाला बोया बांधून. वायर तुटली तर बार्जवर माणूस न चढवता तोच उचलून बार्ज पकडता येतो.

दिव्यांचा नियम थोडक्यात: टगच्या मागच्या टोकापासून बार्जच्या मागच्या टोकापर्यंत 200 मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर डोलकाठीवर उभ्या ओळीत तीन पांढरे दिवे आणि दिवसा डायमंडच्या आकाराची खूण, त्याहून कमी असेल तर दोन दिवे. टगच्या स्टर्नलाइटच्या (मागच्या दिव्याच्या) वर पिवळा टोईंग लाइट. बार्जचे स्वतःचे साइडलाइट आणि स्टर्नलाइट बॅटरीवर असतात, ते अंधार पडायच्या आत पेटवून बघा. धुक्यात दोन मिनिटांच्या आत एक लांब आणि दोन आखूड भोंगे.

वेळ पाण्याची

फर्स्ट नॅरोज आणि सेकंड नॅरोज या इनलेटमधल्या दोन्ही चिंचोळ्या जागी मोठ्या भरती-ओहोटीला पाणी पाच-सहा नॉटने धावतं. भरती पूर्ण झाली म्हणजे प्रवाह थांबला, असं इथे धरून चालत नाही. पाण्याची उंची आणि प्रवाह यांची वेळापत्रकं वेगळी आहेत, तुम्हाला हवं ते प्रवाहाचं. ते पॅसिफिक स्टँडर्ड वेळेत आहे की डेलाइट वेळेत, हेही बघा. एक तास चुकला तर सगळं गणित चुकतं.

आत येताना ओहोटी संपत आलेली असावी, म्हणजे उरलासुरला प्रवाह समोरून लागेल. समोरच्या पाण्यात सुकाणू चांगलं धरतं आणि बार्ज मागे खेचलेला राहतो. उशीर झाला तर भरती पाठीमागून जोर धरते आणि बार्ज टगला गाठू लागतो. अशा वेळी ‘जमेल’ म्हणून आत घुसण्यापेक्षा इंग्लिश बेमध्ये थांबणं कधीही स्वस्त.

टग आणि बार्ज मिळून 45 मीटर किंवा त्याहून लांब असतील, किंवा नुसता बार्ज 20 मीटर किंवा जास्त असेल, तर व्हेसल ट्रॅफिकला (जहाजांच्या वाहतूक नियंत्रणाला) कळवणं बंधनकारक आहे. बंदरात व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 12 वर ‘व्हिक्टोरिया ट्रॅफिक’. सेकंड नॅरोजमधून भरलेला टँकर जात असताना तो भाग इतरांना बंद असतो, आणि टँकरलाही तुमच्यासारखंच थबकलेलं पाणी हवं असतं. म्हणून टँकरची वेळ आधीच विचारून घ्या.

वायर आखूड करणं

हे काम फर्स्ट नॅरोजवरच्या लायन्स गेट पुलाच्या बाहेर, मोकळ्या पाण्यात उरका. इंजिन पूर्ण थांबवू नका. टग थांबला की वायरचा झोळ तळाला टेकतो आणि कशात तरी अडकतो. अगदी हळू पुढे चालत राहून विंचवर वायर घ्या. बंदरात साधारण 50 ते 75 मीटर ठेवतात. फार जवळ घेतलं तर टगच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) पाणी बार्जच्या तोंडावर आदळतं आणि ओढ तिथेच वाया जाते. झोळ कमी झाला म्हणजे झटके झेलायला काही उरत नाही, म्हणून वेगही उतरवा. वेग चार नॉटवरून दोनवर आणला की बार्जमधली ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते.

टग उलटतो कसा

टोईंगमध्ये टग बुडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गर्डिंग. वायर मागे सरळ असते तोवर ठीक. बार्ज बाजूने पुढे आला की वायर टगच्या कुशीवर आडवी येते, आणि बार्जचं सगळं वजन टगला आडवा खेचू लागतं. ओढीचा बिंदू पंख्याच्या पुढे असल्यामुळे सुकाणू फिरवून सुटका होत नाही. काही सेकंदांत डेक पाण्याखाली जातो. 2018 च्या ऑगस्टमध्ये फ्रेझर नदीत खडीचा बार्ज पुढे निघून आल्याने एक टग असाच उलटला. चारही जण वाचले.

उपाय तीन. पहिला गॉब लाइन: टगच्या मागच्या टोकाशी वायर खाली धरून ठेवणारा दोर किंवा साखळी. त्यामुळे ओढीचा बिंदू मागे जातो आणि वायर आडवी येत नाही. ती वळणाआधी लावायची असते, वळणात डेकवर जायचं नसतं. दुसरा, विंचचा अबॉर्ट, म्हणजे वायर झटकन सोडणारं बटण. प्रत्येक फेरीआधी व्हीलहाउसमधून (सुकाणूच्या खोलीतून) तो दाबून ड्रम खरंच सुटतो का ते बघा, आणि वीज गेल्यावरही तो चालतो का ते माहीत असू द्या. वायर आडवी यायला लागली की आधी वायर सोडा, बाकी नंतर. तिसरा, दारं. इंजिनरूमचं दार उकडतं म्हणून उघडं टाकायची सवय जिवावर बेतते.

सेकंड नॅरोज

इथे रेल्वेचा उचलता पूल आणि आयर्नवर्कर्स पूल शेजारी शेजारी आहेत. 1930 च्या सप्टेंबरमध्ये ‘पॅसिफिक गॅदरर’ हा ओंडके वाहणारा बार्ज तेव्हाच्या पुलाखाली अडकला. भरतीचं पाणी चढत गेलं, बार्जने पुलाचा गाळा वर उचलला आणि गाळा पाण्यात पडला. अडकलेला बार्ज भरतीच्या आत निघाला नाही तर काय होतं, ते तिथे दिसलं. पूल उचलल्याची खात्री होईपर्यंत मागे फिरायला जागा राहील इतक्या अंतरावर थांबा. भरलेल्या बार्जला मदतीचा दुसरा टग मागे बांधणं हा खर्च नाही, तोच तुमचा ब्रेक.

कुशीला घेणं

धक्क्याला लावण्याआधी टग बार्जच्या बाजूला बांधतात. टगचा मागचा भाग बार्जच्या मागे बाहेर निघालेला हवा, नाहीतर पंख्याला आणि सुकाणूला स्वच्छ पाणी मिळत नाही. टगची नाळ (पुढचं टोक) किंचित बार्जकडे झुकलेली असावी. आधी स्प्रिंग हा दोर: टगच्या पुढच्या बिटापासून (दोर बांधायच्या खुंटापासून) मागे बार्जवर. टग पुढे चालला की ओढ हाच दोर घेतो. त्यावर हळू पुढे दाबून टग बार्जला चिकटवा, मग हेडलाइन, म्हणजे टगच्या पुढच्या टोकाचा दोर, पुढे नेऊन बांधा. टग मागे चालवताना भार तिच्यावर येतो. शेवटी स्टर्नलाइन, मागच्या टोकाचा दोर. तिन्ही दोर ताठ हवेत. एक जरी सैल राहिला तर टग आणि बार्ज वेगवेगळे हलतात, आणि पहिल्याच जोराच्या ‘मागे’ला दोर तुटतो. दोर ताणला जात असताना त्याच्या रेषेत किंवा वेटोळ्यात कोणी उभं राहू नये.

धक्क्याजवळ येताना इंजिन मागे टाकलं की टगचं टोक एका बाजूला खेचलं जातं आणि बार्जही सोबत वळतो. कुठल्या बाजूला, ते मोकळ्या पाण्यात एकदा करून पाहा. बार्जचे स्वतःचे दोर धक्क्यावर बांधले गेल्याची खूण मिळाल्याशिवाय टगचा एकही दोर सोडू नका.